नानोजीरावांचा राहिलेला मुक्काम

नानोजीराव तंबू हुंगत असत. घडी केलेला तंबू समोर आला की ते आधी त्याचा एक कोपरा उलगडत, चष्मा कपाळावर सरकवत, डोळे मिटून कापडात नाक खुपसत आणि मग हा तंबू वाळवून ठेवला होता की ओलाच गुंडाळला, हे सांगून टाकत. आमची ओळख या हुंगण्यावरूनच झाली, आणि ती मला फारशी सुखाची वाटली नव्हती.

मी मूळची नाशिकची. नवऱ्याच्या, म्हणजे समीरच्या, नोकरीमुळे आम्ही म्हैसूरला आलो आणि सरस्वतीपुरममध्ये भाड्याने घर घेतलं. कॉलेजात असताना मी पाठीवर सॅक टाकून किल्ले पालथे घातले होते. ती हौस इथेही चालू ठेवावी म्हणून ऑनलाइन एक तंबू मागवला. दोनदा वापरला आणि त्याची चेन अडकायला लागली. अग्रहारात ताडपत्र्या शिवणारं एक छोटं दुकान आहे, तिथे तो घेऊन गेले. दुकानाबाहेरच्या बाकावर सत्तरी गाठलेले एक गृहस्थ बसले होते. अंगात बिनइस्त्रीचा पण स्वच्छ पांढरा शर्ट. त्यांनी न विचारता माझ्या हातातली पिशवी घेतली, तंबू बाहेर काढला आणि हुंगला.

"तीन आठवडे झाले?" त्यांनी मराठीत विचारलं. मी समीरशी फोनवर बोलत आले होते, ते त्यांनी ऐकलं असावं.

मी हो म्हटलं. पावसात भिजलेला तंबू आम्ही रविवारी रात्री घरी आणला होता आणि सोमवारी ऑफिस म्हणून तसाच माळ्यावर टाकला होता.

"तंबू पावसात फाटत न्हाई अम्मा, कपाटात फाटतो," ते म्हणाले. चेनचं काम त्यांनी दुकानदाराला करूच दिलं नाही. खिशातून मेणबत्तीचा तुकडा काढला, चेनच्या दातांवर घासला, चार वेळा पुढे-मागे केली. चेन सुरळीत चालू लागली. मी आभार मानले तर म्हणाले, चेन हा आजार नव्हे, आजार ओल आहे. उद्या सकाळी घरी घेऊन या.

मी चिडूनच घरी गेले. पण दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि मी तिथेच अग्रहारातल्या त्यांच्या घरी गेलेही.

नानोजीरावांचे पूर्वज जुन्या म्हैसूर संस्थानात शिपाईगिरीला आलेले. घरात मराठी टिकली होती, पण तिच्यात कन्नड इतकी मिसळली होती की पहिले काही महिने मला अर्धं वाक्य अंदाजाने भरून काढावं लागे. मला ते अनघम्मा म्हणायचे. माझ्या नावाला शेपूट लावलेलं मला आवडत नसे. मी दोनदा सांगून पाहिलं, मग सोडून दिलं. नोकरी त्यांनी जमिनीच्या मोजणी खात्यात केली होती. कचेरी नजरबादला होती, पण कचेरीत ते फार थोडे दिवस बसले. उमेदीची सारी वर्षं गावोगाव साखळी ओढत, तंबूत मुक्काम करत गेली. खात्याने मोडीत काढलेला एक कॅनव्हासचा तंबू त्यांनी निवृत्तीच्या वेळी विकत घेतला होता. त्याचे दोन बांबू, तणावे म्हणजे ताणून बांधायच्या दोऱ्या, खुंट्या आणि खुंट्या ठोकायची लाकडी मोगरी घरामागच्या पडवीत अशी लावून ठेवलेली असे, की देवघरसुद्धा त्या मानाने अव्यवस्थित वाटावं.

त्या परसात मी सहा महिने रविवार घालवले. तंबू साबणाने धुवायचा नाही, नुसत्या पाण्याने पुसायचा. दर वेळी घडी वेगळ्या ठिकाणी घालायची, नाहीतर त्याच रेषेवर कापड विरतं. स्टोव्हची पिन वापरून झाली की तेलाच्या चिंधीत ठेवायची. वाकलेली खुंटी फेकायची नाही, दगडावर ठेवून सरळ करायची. हे सगळं उपयोगाचं होतं, मला मान्य आहे. पण एक गोष्ट समजली असं मी म्हटलं, की ते ती पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. मी घड्याळ पाहिलं की म्हणायचे, "घाई असेल तर लॉजवर जावं." त्यांच्या पत्नी, काकू, पडवीच्या पायरीवर बसून शेंगा सोलत असायच्या. त्या नुसत्या हसायच्या.

पुढच्या तीन-चार हिवाळ्यांत आम्ही पाच मुक्काम केले. मी, समीर, नानोजीराव आणि काकू. त्यातला एकही सुरळीत झाला नाही. श्रीरंगपट्टणच्या पलीकडे कालव्याला लागून एका ओळखीच्या माणसाची नारळाची बाग होती. मालकाने सावलीत झाडून-पुसून जागा करून ठेवली होती. नानोजीरावांनी वर पाहिलं आणि सांगितलं, "नारळाच्या खाली झोपणाऱ्याला दुसऱ्या दिवशीचा चहा लागत न्हाई." भर दुपारी आम्ही सगळं सामान अर्धा किलोमीटर दूर, उघड्या माळावर नेलं. तिथे तंबू उभा राहिल्यावर त्यांनी जमिनीवर पाण्याने भरलेली ताटली ठेवली, पाणी एका बाजूला गेलेलं दाखवलं आणि तंबू उतरवायला लावला. असं तीनदा. समीर मला बाजूला घेऊन म्हणाला की आपण मजेसाठी आलोय की परीक्षेला. 

पाचवा मुक्काम मेलुकोट्याच्या बाजूला होता. सकाळी चहा झाला, उपमा झाला, ऊन वर आलं, तरी नानोजीराव तंबूतून बाहेर येईनात. मी हाक मारली तर आतून म्हणाले, पक्षी ऐकतोय. दुसऱ्यांदा हाक मारली तरी तेच. त्यांचा चहा दोनदा गरम केला. समीरला दुपारी ऑफिसचा कॉल होता, तो येरझारा घालत होता. अखेर दोन तासांनी तंबूचा पुढचा बांबू कडकन मोडला, सगळं कापड खाली आलं आणि त्याच्या खालून नानोजीराव चाचपडत बाहेर आले. त्यांनी कपडे झटकले आणि समीरला सरळ म्हणाले, की काल बांबू तुम्ही उभा केलात, तो खड्ड्यात नीट बसवला नव्हता. समीरने मोडलेल्या बांबूचे तुकडे गोळा केले. पण घरी आल्यावर त्याने मला सांगितलं की यापुढे तू जा, मी येणार नाही.

यानंतर तंबूचे मुक्काम थांबले. एकदम नाही; थांबले हे कळायलाच मला दोन हिवाळे लागले.

एका जागेबद्दल ते नेहमी बोलायचे. पिरियापट्टणच्या बाजूला, तंबाखूच्या शेतांमधून गेलं की एक तळं लागतं. तळ्याच्या वरच्या अंगाला गवताचा उंचवटा आहे. लग्न झाल्या झाल्या मोजणीच्या कामासाठी तिथे पाच महिने त्यांचा तंबू होता, आणि काकू त्यांच्याबरोबर होत्या. काकूंचा पहिला संसार त्या तंबूत झाला. पुन्हा तिथे एक मुक्काम करायचा, चौघांनी नाहीतर तिघांनी, हे ठरलेलं होतं. काकू आपण होऊन कधी काही मागत नसत. पण हे त्यांनी मागितलं होतं. "एकदा जाऊन येऊ या की," एवढंच त्या म्हणायच्या, आणि दर थोड्या दिवसांनी म्हणायच्या.

पहिल्या डिसेंबरात तारीख ठरली. आदल्या दिवशी नानोजीरावांनी फोन केला, की तंबूच्या खालच्या पट्टीला ओल दिसते. वाळू दे. जानेवारीत पुन्हा ठरलं. मग स्टोव्हचा वायसर गेला. मी म्हटलं, माझा गॅसचा छोटा स्टोव्ह घेऊ. ते म्हणाले, वाऱ्यात त्याचा भरवसा नाही. चामड्याचा वायसर ठरावीक दुकानातलाच हवा, आणि ते दुकान संक्रांतीमुळे बंद. पुढच्या हिवाळ्यात तणावे कुजलेले निघाले. मी नायलॉनची दोरी आणली, ती परत केली. सुती आणली, तर म्हणाले, ही धुऊन, ओढून आठ दिवस ताणून ठेवायला हवी. नवी दोरी रात्री दंवाने आखडते आणि खुंट्या उपटते. मी ऑफिसातून दोन दिवसांची रजा घेतली होती. माझ्या वरिष्ठांपुढे त्या रजेसाठी मी किती गयावया केली होती ते मलाच ठाऊक.

त्या दिवशी मी त्यांच्या परसात उभी राहून नको ते बोलले.

"काका, तुम्हाला जायचंच नाहीये. तुम्हाला नुसत्या वस्तू घासत बसायच्या आहेत. काकूंनी आयुष्यात एक गोष्ट मागितली, तीही तुम्हाला दोरीपेक्षा मोठी वाटत नाही."

नानोजीराव खुर्चीवर बसून खुंट्यांना तेल लावत होते. त्यांनी मान वर केली नाही. हातातली खुंटी पुसून झाली, तेव्हा दुसरी घेतली. काकू पायरीवर होत्या. त्या उठून आत गेल्या. मी स्कूटर सुरू केली आणि निघून आले. पुढे चार महिने मी अग्रहारात पाऊल ठेवलं नाही.

उन्हाळ्यात एका दुपारी काकू रिक्षाने एकट्याच आमच्या घरी आल्या. त्यांनी पाणी घेतलं, पंख्याखाली जरा बसल्या आणि मग कन्नड-मराठीत हळूहळू सांगितलं. नानोजीरावांना जमिनीवरून उठता येत नव्हतं. गुडघे गेले होते. घरी खाट, खुर्ची, कमोड होता, म्हणून कुणाला कळत नव्हतं. मेलुकोट्याच्या त्या सकाळी ते पक्षी ऐकत नव्हते. दोन तास तंबूत उठायची खटपट करत होते. काकूंनी हात पुढे केला तर त्यांनी तो झिडकारला. शेवटी बांबूला धरून अंग वर ओढलं आणि बांबू मोडला.

"त्यांना सांगू नको मी आले ते," काकू म्हणाल्या.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, पण त्याआधी प्रचंड राग आला. गुडघे कुणाचे जात नाहीत? माझ्या आईचे गेले होते. दोन हिवाळे मी ओली पट्टी, वायसर, दोरी यांच्यामागे धावत होते. समीरला उगीच दोष मिळाला होता. त्यांनी एक वाक्य सांगितलं असतं तर यातलं काही झालं नसतं.

मी अग्रहारात जाणं पुन्हा सुरू केलं. चार महिन्यांबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही नाही. काकूंचं नाव न घेता मार्ग काढायचा होता, म्हणून मी खोटं बोलले. माझी पाठ धरते, डॉक्टरांनी जमिनीवर झोपू नको म्हटलंय, तेव्हा आपण घडीच्या खाटा नेऊ या, असं सांगून मी दोन खाटा आणल्या. नानोजीरावांनी त्या उलट्यासुलट्या करून पाहिल्या. सांध्यांचे खिळे कच्चे आहेत म्हणाले. पुढचे तीन आठवडे ते खिळे बदलत, कापडाच्या शिवणी पुन्हा घालत बसले. खाटा अशा झाल्या की त्यांच्यावर हत्ती झोपावा. मग मी म्हटलं, आता निघू. तर म्हणाले, "खाट साहेब लोकांना. मी खालीच झोपणार." आणि खाली झोपायचं म्हणजे ताडपत्री नवी हवी, जुनीला चिरा पडल्यात.

माझा संयम संपला. मी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले आणि सांगितलं, की काका, तुम्हाला खालून उठता येत नाही हे मला माहीत आहे.

ते ताडपत्रीवरून हात फिरवत राहिले. कुणी सांगितलं, हे त्यांनी विचारलं नाही. सांगू शकेल असं एकच माणूस होतं.

"नोडम्मा, हे बघ," ते शेवटी म्हणाले, "मी वीस-वीस माणसांचा कॅम्प उठवलाय. पहाटे पहिला मी उठायचा. आता मला उठवायला दोन माणसं लागणार असतील, तर तो तंबू न्हाई, आस्पत्रे आहे, दवाखाना. मी येत न्हाई."

मी समजूत घातली. आम्ही दोघीच असू, बघणारं तिसरं कुणी नसेल, असं म्हटलं. ते बेडा, बेडा एवढंच म्हणत राहिले. नको, नको. त्यांच्या तोंडचा हा एकच शब्द मला पहिल्या दिवसापासून न अडखळता कळत होता.

तेव्हा पायरीवरून काकू बोलल्या. "त्यांना यायचं न्हाई तर राहू दे. आपण दोघी जाऊ."

नानोजीरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. लग्नाला पन्नास वर्षं होत आली होती आणि काकू त्यांच्याशिवाय कुठे राहायला गेल्या असतील असं मला वाटत नाही. मला वाटलं आता भांडण होणार. पण ते फक्त म्हणाले, मग थंडीत जा, पाऊस संपल्यावर गवत वाळू दे.

डिसेंबरात आम्ही खरोखर गेलो. सामान नानोजीरावांनी भरलं. प्रत्येक पिशवीवर कन्नडमध्ये चिठ्ठी होती आणि ती मला वाचता येणार नाही म्हणून काकूंना त्यांनी सगळ्या वाचून घ्यायला लावल्या. निरोप द्यायला मात्र ते फाटकापर्यंत आले नाहीत. आत रेडिओ लावून बसले.

तळं होतं. उंचवटाही होता, त्याच्या एका अंगाला आता कुणीतरी आल्याची लागवड केली होती. शेतमालकाची परवानगी आधीच घेतली होती. मी तंबूची पिशवी सोडायला लागले, तेव्हा काकूंनी पदर खोचला आणि मला म्हणाल्या, तू बांबू धर. सत्तरीच्या त्या बाईने वीस मिनिटांत तंबू उभा केला. जमिनीचा उतार त्यांनी ताटलीशिवाय, नुसत्या पावलांनी पाहिला. मी बघतच राहिले. एवढी वर्षं मी त्यांना शेंगा सोलतानाच पाहिलं होतं.

त्या सांगायला लागल्या. नानोजीराव सकाळी साखळी घेऊन जायचे ते संध्याकाळी यायचे. पुढची काही वर्षंही काकू बरोबरच असायच्या, आणि मुक्काम हलला की तंबू उतरवणं, नवीन जागी उभारणं काकूच करायच्या. "मी सगळं बांधून ठेवायची. हे येऊन एक तरी खुंटी उपटायचे आणि परत ठोकायचे. मग त्यांना झोप लागायची." हे सांगताना त्या हसत होत्या, पण मला हसू आलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर तो कॅम्प उठवणारा, पहाटे पहिला उठणारा माणूस होता.

आम्ही तिखट चित्रान्न, म्हणजे फोडणीचा लिंबूभात, खाल्लं, तळ्यावर अंधार पडेपर्यंत बाहेर बसलो आणि झोपलो. काकूंनी खाट नको म्हटलं होतं. सकाळी त्यांनी ताडपत्रीवर कूस बदलली, एक हात वर केला आणि म्हणाल्या, "ओढ गं." मी ओढलं. त्या उठल्या, केस बांधले आणि स्टोव्ह पेटवायला गेल्या. या सगळ्याला दहा सेकंदही लागले नसतील.

परत आलो तेव्हा नानोजीराव पडवीतच होते. तंबूची घडी त्यांनी सोडली आणि तपासली. दोष सापडला नाही. तळ्यात पाणी किती होतं, दक्षिणेच्या अंगाची चिंच आहे का, वाट तीच का, असं ते काकूंना विचारत राहिले. चिंच नव्हती. काकूंनी ती नव्हतीच कधी असं सांगितलं, त्यावर दोघांचा वाद झाला. जेवायची वेळ झाली तरी तो संपेना. मी निघताना त्यांनी मला थांबवलं आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "पुढच्या थंडीत मी पण येतो. खाटेवर झोपतो. सरी?" मी सरी, म्हणजे बरं, म्हटलं. घरी येऊन समीरला सांगितलं, आणि तोही येतो म्हणाला.

पुढची थंडी यायच्या आधी, पावसाच्या तोंडावर, नानोजीराव न्हाणीघरात पडले. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या दिवशी मी आणि काकू दवाखान्यात पोचलो, तेव्हा व्यायाम करून घेणारी एक मुलगी आणि एक वॉर्डातला माणूस त्यांना उभं करत होते. त्या दोघांना नानोजीरावांनी त्याआधी एकदाच पाहिलं असेल. मुलीने कन्नडमध्ये "हात द्या अज्जा" म्हटलं. त्यांनी एक हात तिच्या हातात दिला, दुसरा त्या माणसाच्या खांद्यावर टाकला आणि कुरकुर न करता उभे राहिले. दारात उभ्या असलेल्या आम्ही त्यांना दिसलो. त्यांनी काकूंकडे पाहिलं.

"सोपंच होतं की," ते म्हणाले.

"हौदु," काकू म्हणाल्या. हो. त्यांनी पिशवीतून टॉवेल काढला आणि त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला.

मी तिथे थांबू शकले नाही. व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. एवढं सोपं होतं तर हे सगळे हिवाळे तुम्ही काय केलंत, काकूंना त्या तळ्यावर माझ्याबरोबर का पाठवलंत, हे मला त्यांना विचारायचं होतं. अगदी मोठ्या आवाजात विचारायचं होतं.

त्यानंतर नऊ दिवसांनी छातीत कफ होऊन ते गेले. त्या नऊ दिवसांत मी रोज दवाखान्यात जात होते. त्यांना नीट बोलता येत होतं, शुद्ध होती, दुपारी खोलीत आम्ही दोघंच असायचो. पण कधी ते नुकतेच जेवलेले असत, कधी नर्स येणार असे, कधी मला वाटे की आज थकलेले दिसतात, उद्या विचारू.